वझराच्या फाट्यावरचा फळा

आधी माफी मागतो. मी जे सांगणार आहे त्यात शुद्धलेखनाच्या चुका निघतील, आणि शब्दही साधेच असतील. माझ्या अंगावर 'ऐतिहासिक' हा शब्द 'एतीहासीक' असा रंगवलेला आहे आणि तो पुसायला मला हात नाहीत. तेव्हा मोठ्या भाषेची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका. मी फाट्यावरचा फळा बोलतोय.

फळा म्हणजे खरोखर शाळेतला फळा. गोव्यात डिचोलीहून दोडामार्गाच्या रस्त्याने जाताना आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी आमचा गाव लागतो. तिथल्या प्राथमिक शाळेत मी नवा कोरा लागलो. फणसाच्या लाकडाचा, काळा रंग दिलेला. शाळा एका खोलीची, चारही इयत्ता एकत्र. यशोदाबाई माझ्या डाव्या अंगावर पहिलीची बाराखडी लिहायच्या आणि उजव्या अंगावर चौथीचे भागाकार. मला बोलायची सवय तिथे लागलीच नाही. दुसऱ्यांनी लिहायचं, दुसऱ्यांनी पुसायचं, आपण भिंतीला टेकून गप्प राहायचं. थोड्याच वर्षांत मुलं कमी झाली आणि शाळा बंद केली. माझं शिक्षण असं लवकर सुटलं. तसं ते फार पुढे गेलंही नसतं, कारण आमच्या शाळेत पाचवी नव्हतीच.

मग खोलीत पंचायतीने मोडक्या खुर्च्या, मंडपाचे बांबू आणि डासांच्या धुराचं यंत्र ठेवलं. त्यांच्यामागे मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. वाळवी लागली नाही, एवढंच नशीब.

पुढे गावाच्या मनात आलं की आपल्याकडेही पाहुणे यायला हवेत. केरीपासून खाली सगळ्या किनाऱ्यावर माणसांना पाय ठेवायला जागा नाही आणि डोंगरात कोणी फिरकत नाही. खाण बंद पडल्यापासून ट्रकवाल्यांच्या हातांना काम नव्हतं. आणि दाखवायला आमच्याकडे कमी नाही. एक वझर आहे, म्हणजे धबधबा. तो दोन टप्प्यांत उतरतो आणि खाली गुडघाभर पाण्याची कोंड करतो. लहान मूलसुद्धा त्यात बसून अंघोळ करतं. वझराच्या वर जुना कोट आहे. त्याचा चिऱ्याचा एक बुरूज उभा आहे, बुरुजाच्या भिंतीतून काजूचं झाड बाहेर आलंय, आणि एक तोफ आहे, तिला लोक म्हशी बांधतात. कोटाच्या खाली कातळात कोरलेलं दोन खोल्यांचं लेणं आहे. ते कोणी कोरलं हे कोणालाच माहीत नाही, म्हणून पांडवांनी कोरलं असं सगळे सांगतात. आत वटवाघळं असतात.

आणि वझराच्या वाटेवर राखणदाराची घुमटी आहे. राखणदार हा आमच्या डोंगराचा रक्षक. तो काठी टेकत रानातून फिरतो आणि वाट चुकलेल्या माणसाला घरापर्यंत आणून सोडतो, असं गाव मानतो. त्याच्या शब्दाबाहेर इथे कोणी झाडाची फांदी तोडत नाही.

तर मला खोलीतून बाहेर काढलं. सुताराने माझं एक टोक बाणासारखं निमुळतं केलं. दुखलं, पण बोललो नाही. संतोष पेंटर तोवर तावेर्नांच्या, म्हणजे दारूच्या दुकानांच्या, पाट्या रंगवायचा. त्याने माझ्या दोन्ही अंगांवर पांढऱ्या रंगात 'वझर, एतीहासीक कोट व लेणी' असं लिहिलं, आणि मला लोखंडी पाइपावर बसवून फाट्यावर उभं केलं.

हा फाटा नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. उजवीकडचा रस्ता अरुंद, काजूच्या बागांमधून वर चढतो. तो वझराकडे जातो. डावीकडचा रुंद आणि लाल, खाणीच्या ट्रकांसाठी केलेला. तो जातो बंद खाणीच्या खड्ड्याकडे. खड्डा पाण्याने भरलाय. वरून तळ्यासारखा दिसतो, निळाशार. पण त्याचा काठ उभा कापलेला आणि चिकट मातीचा आहे. पाय घसरला की धरायला गवताची काडी नाही, आणि खोली विचारू नका.

म्हणून माझं टोक उजवीकडे. मला दिलेलं काम एवढंच, आणि ते मी मन लावून केलं.

माझ्या सावलीत मंजुळाचा गाडा लागायचा. मंजुळा मूळची बांद्याकडची. तिचा नवरा विजय इथे खाणीचा ट्रक चालवायला आला होता. आता तो मुरगावला गोदीत कामाला आहे आणि रविवारी घरी येतो. मंजुळा चहा, पाव-पातळभाजी आणि पावसात मिरचीची भजी करायची. तिच्यामुळे मला माणसं कळली. खरं सांगतो, कळली नसती तर बरं झालं असतं.

लोक गाडी माझ्यासमोर थांबवतात. मला वाचतात, मोठ्याने वाचतात. मग काच खाली करून मंजुळाला विचारतात, "मावशी, धबधबा कुठंय?"

"फळ्यार बघा."

"ते बघितलं. पण खरं कुठंय?"

मंजुळा कढईतला झारा वर करून उजवीकडे दाखवायची. मग त्यांची खात्री पटायची. म्हणजे फणसाच्या लाकडापेक्षा तेलाचा झारा खरा! कोणी विचारायचं, लेण्यात एसी आहे का. कोणी विचारायचं, कोट बघण्यासारखा आहे की नुसते दगड आहेत. कोणी वझराकडे न जाताच माझ्यासोबत फोटो काढून परत फिरायचे. एका व्यायामशाळेने माझ्या पाठीवर आपला कागद चिकटवला. गायी तर रोज अंग घासायला येतात, पण त्यांचं मी मनावर घेत नाही. त्यांना वाचता येत नाही.

या वर्षी पावसाळ्यात गोष्ट बिघडली. एका रविवारी आलेल्या टोळक्याने राखणदाराच्या घुमटीसमोर बसून दारू प्यायली. जाताना बाटल्या फोडून टाकल्या. दुसऱ्या दिवशी गावाने काचा वेचल्या. देवळाचा गुरव सखाराम घुमटीसमोर हात जोडून म्हणाला, "आता हो गप रवचो नाय. बघा तुमी."

राग मलाही आला होता. पण पुढे जे झालं ते रागाने झालं नाही, टेम्पोने झालं. मी स्वतः तिथे होतो.

भर दुपारी थंड पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो मागे घेताना चालकाने मला धडक दिली. मंजुळा जेवायला घरी गेली होती. पावसाने जमीन मऊ झालेली, त्यात माझा पाइप गरकन फिरला आणि माझं टोक थेट खाणीच्या रस्त्याकडे झालं. चालक उतरला. त्याने आपल्या टेम्पोचा फुटलेला मागचा दिवा बघितला, चुकचुकला, आणि माझ्याकडे मान वर करूनही न बघता निघून गेला.

संध्याकाळी सखाराम देवळात दिवा लावायला जाताना माझ्यासमोर थांबला. डोळे मोठे केले. मग चपला काढल्या.

"तोंड फिरवल्यान," तो पुटपुटला. "राखणदारान तोंड फिरवल्यान!"

दुसऱ्या दिवशी अर्धा गाव माझ्यासमोर. राखणदाराला पाहुणे नको झालेत, म्हणून त्याने स्वतः फळा फिरवला, असं ठरलं. ठरलं म्हणजे कोणी ठरवलं नाही, पण सगळ्यांना आधीच माहीत असल्यासारखं झालं. मी हलू नये म्हणून माझ्या पायाशी चिऱ्याचे तुकडे ठोकून बसवले. पाइपाला कुंकू लावलं. माझ्या टोकावर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, अडकवला. तो नेमका 'वझर' या शब्दावर आला. शाळेत असताना मला खडूशिवाय कोणी काही लावलं नव्हतं. मान मिळाल्यावर बरं वाटायला हवं ना? मला आतून ओरडावंसं वाटत होतं.

मंजुळाला चिखलात लाल काचेचा तुकडा सापडला होता. तो घेऊन ती गर्दीतल्या निवृत्तीकडे गेली. निवृत्ती गावकर म्हणजे गावातला मानाचा माणूस. देवळात गाऱ्हाणं घालायचं असलं, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवासमोर उभं राहून मोठ्याने विनंती करायची असली, की ती त्यानेच करायची. डोंगराएवढा आवाज आणि तेवढाच हट्ट.

"काका, ह्यो बघा. टेम्पोच्या दिव्याचो तुकडो. फळो टेम्पोन फिरवलेलो आसा."

निवृत्तीने तुकडा उलटसुलट करून बघितला. "मगे?"

"मगे काय मगे? देवान नाय फिरवल्यान."

"टेम्पोवाल्याक बुद्धी कोणी दिली? देवाक स्वतः येऊन हात लावूक होयो काय?"

आता यावर काय बोलायचं! मंजुळाने डावीकडच्या रस्त्याकडे हात केला.

"आणि काका, थंय खाण आसा. देव काय माणसांका बुडवूक सांगता?"

"त्याच्या मनातला आमका कळता तर आमी देव झालो असतंव. कौल घेऊया. देव हो म्हणालो तर सरळ करू."

कौल म्हणजे देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावायच्या आणि उजवीकडची आधी पडते की डावीकडची, त्यावरून देवाचं म्हणणं समजायचं. तो घ्यायचा गुरवाने. आणि सखारामाच्या सुनेला त्याच आठवड्यात मुलगा झाला. घरात सोयर. सोयरात गुरव गाभाऱ्यात जात नाही. सोयर फिटलं तोवर त्याच्या भावकीतलं एक म्हातारं माणूस वारलं, म्हणजे सुतक. पंचायतीतल्या पंचबाईंना मंजुळाने विचारलं. त्या म्हणाल्या, फळा रस्त्याच्या कडेला आहे, म्हणजे रस्तेवाल्यांचा. रस्तेवाल्यांचा माणूस आला, कुंकू बघितलं आणि म्हणाला, हे तर देवस्थान आहे, यात आम्ही पडत नाही.

फणसाच्या लाकडाला घाम येत नाही म्हणतात. त्या दिवसांत मला आला.

मंजुळा येणाऱ्या प्रत्येक गाडीला अडवून सांगत होती, "डावीकडे जाव नका, उजवीकडे जावा." काही ऐकायचे. काही म्हणायचे, "मावशी, पाटी तर तिकडे दाखवतेय." काही म्हणायचे, "मोबाइलवर तिकडे तळं दिसतंय, तेच बघू." तिचा घसा बसला. गाडा बंद ठेवून ती पाणी भरायला जरी गेली, तरी धावत परत यायची.

एका रविवारी ती अशीच विहिरीवर गेली असताना बेळगावकडची तीन मुलं दोन स्कुटरवरून आली. म्हापशाला बांधकामावर असलेली, सुट्टीला भटकायला निघालेली. त्यांनी वळेसर बाजूला करून मला वाचलं. पुढचा अमोल नावाचा मुलगा म्हणाला, "हे बघ, बाण. चल की." आणि तिघं डावीकडे गेली. मी किती जोर लावला म्हणून सांगू! पाइप हलला नाही. चिरे फार चांगले ठोकले होते.

थोड्या वेळाने खाणीकडून ओरडणं ऐकू आलं. मग बराच वेळ काही नाही. ते काही नसणं मला अजून आठवतं.

त्या दिवशी निवृत्ती खाणीच्या वर म्हशींसाठी गवत कापत होता. गवताचे भारे बांधायचा दोर त्याच्याकडे होता, म्हणून काठावरून घसरून पाण्यात पडलेला अमोल वाचला. त्याला मंजुळाच्या गाड्यावर आणलं तेव्हा तो डोक्यापासून पायापर्यंत लाल मातीने माखलेला होता आणि दात वाजत होते. मंजुळाने त्याला चहा दिला. कप त्याला धरता येईना, म्हणून तिनेच तोंडाला लावला.

निवृत्तीच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. तो खेकसला, "कोणी सांगला रे तुका थंय मराक जाऊक?"

अमोलने हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "त्या पाटीनं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाईंनी लिहिलेलं बघायला मुलं माझ्याकडे बघायची, पाहुणे बघायचे, पण असं कोणी कधी बघितलं नव्हतं. मंजुळा हळूच म्हणाली, "काका, आता तरी?"

निवृत्ती घरी गेला. मला वाटलं, झालं, उद्या सरळ करतील. उद्या आला, परवा आला. सखारामाचं सुतक फिटायचं होतं. राखणदाराने पोराला वाचवलं म्हणून कोणीतरी माझ्यावर दुसरा वळेसर चढवला.

मग चवथ आली. चवथीला आमच्याकडे सगळा गाव आपापल्या मूळ घरी गणपतीपुढे असतो. मंजुळालाही बांद्याला जायचं होतं. सासर तिथे, गणपती तिथे. आणि नेमक्या त्याच सुट्टीत बाहेरचे पाहुणे भरभरून येतात. फाट्यावर सांगायला कोणीच नसणार आणि मी खाणीकडे बोट दाखवून उभा. या विचाराने मंजुळाचं मन लागेना. दोन दिवस ती भजी जाळत होती.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी गाव डिचोलीच्या माटोळीच्या बाजाराला गेला. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळं, सुपाऱ्या, कांगलां. ती आणायला घरटी माणूस गेलेला. पाऊस थांबून थांबून पडत होता. मंजुळा आली. गावी न्यायची पिशवी तिने गाड्यावर ठेवली आणि गाड्याखालून लोखंडाची पारय, म्हणजे पहार, काढली.

ती माझ्यासमोर उभी राहिली आणि घुमटीच्या दिशेने हात जोडले. तिला भीती वाटत होती. ती या गावची नव्हती. तिचा गाडा गावाच्या मर्जीवर चालत होता.

"बा राखणदारा," ती म्हणाली, "मी बाहेरची बाई. माका गाऱ्हाणां घालूक येणा नाय. मी ह्यो फळो सरळ करतंय. तुझो राग आसलो तर माझ्यार काढ. गावार नको, माझ्या घोवार नको..."

"थांब! थांब गो!"

निवृत्ती काजूच्या बागेतून खाली येत होता. हातात माटोळीसाठी तोडलेली रानफळं. हा बाजाराला गेलाच नव्हता! मंजुळाने पारय मागे लपवली. एवढी लांब पारय मागे कशी लपणार?

"काय चाललांहा?"

"काय नाय काका."

"काय नाय? मी आयकलंय सगळा. असां घालतत गाऱ्हाणां?" तो जवळ आला. त्याचा चेहरा संतापाने लाल झाला होता. "आधी गावच्या देवाचा नाव नाय, बारा पाच्या चाळ्याचा नाव नाय, थेट राखणदाराक हाक! आणि राग माझ्यार काढ म्हणून सांगतंस? गाऱ्हाण्यात राग मागतत? गाऱ्हाण्यात राखण मागतत!"

मला वाटलं, हा फळ्यासाठी ओरडतोय. तो गाऱ्हाण्यासाठी ओरडत होता.

मंजुळाचा घसा आधीच बसलेला, त्यात तिला रडू आलं. "मगे तुमी सांगा कसा घालतत! तुमीच घाला! मी म्हयनोभर बोंबलतंय, कोण आयकता? फाल्या मी नाय, तुमी गणपतीकडे. कोणाचा पोर गेला तर त्याच्या आवशीक काय सांगतलास? गुरवाचा सुतक होता म्हणून?"

निवृत्तीने रानफळं गाड्यावर ठेवली. चपला काढल्या, डोक्यावरचा टॉवेल काढून खांद्यावर घेतला.

"नारळ आसा?"

तिने पिशवीतून गणपतीसाठी घेतलेला नारळ काढून दिला. तो हातात धरून निवृत्ती घुमटीकडे तोंड करून उभा राहिला. तळव्यांवरची नवी कातडी अजून लालच होती.

"बा देवा म्हाराजा!"

तो आवाज डोंगरावर आपटून परत आला. मंजुळाने डोळे पुसत म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"गावच्या देवा, बारा पाच्या चाळ्या, स्थळाच्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज चवथीच्या आदल्या दिसा तुझी लेकरां तुझ्या वाटेर उबी आसत. पावण्यांनी तुझ्या दारात घाण केली, ती आमी आमच्या हातान काढली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो फळो फिरलो. कोणी फिरवलो ता तुका म्हाईत. आमी तुझी खूण समजून गप रवलंव. आणि एक पोर..."

इथे त्याने हातातला नारळ छातीशी घेतला. मग एकदम साध्या, घरातल्या आवाजात बोलायला लागला.

"एक पोर खाणीत गेला. माझ्या हातात दोर होतो म्हणून वर इला. पोर नुसता माझ्याकडे बघी होता, म्हाराजा. मी दोर सोडलो असतो तर ता तसाच बघीत खाली गेला असता. माका झोप नाय. दर खेपेक माझ्या हातात दोर नसतलो. तू वाट चुकलेल्याक घराक हाडतंस. मगे आमी तुझ्या नावान माणसांका वाट चुकवतंव, ह्या बरा न्हय. आमी फळो सरळ करतंव. चुकला माकला पदरात घे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची राखण कर, म्हाराजा!"

मंजुळाचं "व्हय म्हाराजा" नीट उमटलंच नाही. मला आवाज असता तर मी म्हटलं असतं.

निवृत्तीने नारळ चिऱ्यावर फोडला. मग मंजुळाकडे हात केला, "हाड ती पारय." पारयीने त्याने पायाचे चिरे उचकटले. मंजुळाने माझं टोक धरलं. तो ढकलत होता, ती ओढत होती आणि दोघं एकमेकांवर ओरडत होती.

"हळू काका, मोडतलो!"

"फणसाचो आसा तो. तूच मोडशीत."

"जास्त झालां, जास्त झालां! आता आकाशाक दाखयता!"

"ठेव गप. शाळेत तू शिकलंस का मी?"

शेवटी माझं टोक काजूच्या बागेकडे वळलं. वझराचा आवाज मला समोरून ऐकू आला. मंजुळाने वळेसर 'वझर' शब्दावरून काढून पाइपाला गुंडाळला, पिशवी उचलली आणि नारळाचा अर्धा भाग पदरात घेऊन बसथांब्याकडे पळाली. बस चुकली असती.

निवृत्ती मात्र तिथेच चिऱ्यावर बसून राहिला. दिवेलागणीला बाजारातून गाव परतला. सुतकामुळे बाजाराला न गेलेला सखारामही गलका ऐकून आला. मला बघून थबकला. फुटलेला नारळ बघितला.

"कौल नसताना, निवृत्ती?"

"गाऱ्हाणां घातलांहा."

"पण कौल..."

"तुझा सुतक फिटासर लोकांनी बुडत रवूचा?" निवृत्ती उठला. "आमी फिरवलंव. काय झाला तर माझ्या दारात येवा."

'आमी' म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. गाड्यावर ताडपत्री घातलेली होती आणि तिच्याकडे सगळ्यांनी एकदा बघितलं. मग कोणाची तरी सुपारीची शिंपटी, म्हणजे घोस, चिखलात पडली, ती उचलायच्या गडबडीत लोक घरी गेले. सखाराम तेवढा मागे राहिला. त्याने नारळाचे तुकडे गोळा केले, पायाने चिरे दाबून बसवले आणि गेला.

तुम्ही आमच्या डोंगरात येणार असाल तर जरूर या. वझर बघा, कोट बघा, लेण्यात हळू बोला, वटवाघळं झोपलेली असतात. घुमटीसमोर चपला काढा. फक्त मला वाचल्यावर क्षणभर थांबा आणि इथल्या माणसाला विचारा, मला राग येणार नाही. पूर्वी यायचा. आता वाटतं, माझ्यासारख्या फळ्यावर एवढा भरवसा ठेवणं बरं नाही. मला कोणीही फिरवू शकतं.

दुसऱ्या दिवशी चवथ. सकाळपासून घराघरांतून टाळांचा आवाज येत होता आणि फाट्यावर कुत्रंही नव्हतं. कोल्हापूरकडची एक गाडी आली. नवरा-बायको, दोन मुली आणि मागे एक आजोबा. नवरा मोबाइल बघून म्हणाला, "डावीकडे तळं आहे, चला." बायको म्हणाली, "पाटी उजवीकडे दाखवतेय." तो म्हणाला, "अगं, रस्ता बघ कसला मोठा आहे तिकडे!" ती म्हणाली, "तुम्हाला रस्ता बघायचाय की धबधबा?" बराच वेळ गाडी तशीच घुरघुरत उभी होती. मग उजवीकडे वळली.

दुपार व्हायच्या आत ती परत आली. पाचही जण भिजलेले, मुलींच्या केसांत काजूची पानं. मंजुळाच्या बंद गाड्याशी बसून त्यांनी डबे उघडले. त्या माणसाने आपला ओला टॉवेल पिळला आणि झटकून माझ्यावर वाळत घातला. सगळी अक्षरं झाकली, बाणसुद्धा. आता एवढ्यात दुसरी गाडी आली तर? ते जेवून उठेपर्यंत मी वळणाकडे बघत तो टॉवेल धरून उभा राहिलो.